अणुभट्टीची निरवानिरव

वणी तालुक्यातील उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी ही गावे यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर लहान दिसतात; पण त्यांच्या शिवारातून निघालेल्या कोळशाने विदर्भातील वीजकेंद्रांच्या भट्ट्या वर्षानुवर्षे पेटत्या ठेवल्या आहेत. वणीहून या गावांकडे जाणाऱ्या वाटसरूच्या नजरेत प्रथम भरतात ते मातीचे डोंगर. कोळशापर्यंत पोहोचण्यासाठी जमिनीच्या पोटातून उपसलेली ती माती आहे. कोळसा गेला, त्याची वीज झाली, ती वीज दिव्यादिव्यांतून जळून संपली. डोंगर मात्र राहिले. खाण सुरू करताना समारंभ होतो, पाहुणे येतात, नारळ फुटतो. खाण संपते तेव्हा मात्र गावकऱ्यांखेरीज तेथे कोणी नसते.

या अनुभवातून सरकार काही शिकले, हे मान्य केले पाहिजे. २००९ मध्ये केंद्रीय कोळसा मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांनुसार प्रत्येक कोळसा खाणीने ती कशी बंद करणार याचा आराखडा आधीच तयार करावयाचा आणि त्या खर्चाची रक्कम कोळसा नियंत्रकाच्या संमतीवाचून काढता येणार नाही अशा एस्क्रो खात्यात दरसाल भरावयाची. उघड्या खाणीसाठी त्या वर्षीच्या किमतीनुसार हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये हा हिशेब धरण्यात आला. वार्षिक हप्त्यात दरसाल पाच टक्के वाढही ठरवून देण्यात आली. पुढे हे दर आणखी वाढविण्यात आले. नियम कागदावर किती आणि शिवारात किती, हा वाद वेगळा. उद्योग उभारतानाच त्याच्या निरवानिरवीचे पैसे बाजूला काढले पाहिजेत, हे तत्त्व तरी त्यातून मान्य झाले.

जी सावधगिरी मातीच्या ढिगाऱ्यासाठी आवश्यक मानली गेली, ती अणुभट्टीसाठी कितीतरी अधिक आवश्यक आहे. यवतमाळ जिल्ह्यात अणुवीजकेंद्र नाही. परंतु तारापूर आणि तुर्भे याच राज्यात आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरची योजना याच राज्यातील आहे, आणि वणीच्या कोळशाची वीज व तारापूरच्या अणूची वीज एकाच जाळ्यातून वाहते. म्हणून आयुष्य संपलेल्या अणुभट्टीचे काय करावयाचे आणि त्या कामात जगाचे सहकार्य कितपत मिळते, हा प्रश्न समुद्रकाठच्या लोकांइतकाच पठारावरच्या लोकांचाही आहे.

बंद करणे आणि मोडीत काढणे

कापडगिरणी बंद पडली की कुलूप लावता येते. अणुभट्टीचे तसे नाही. भट्टी थांबविली, तरी आतील वापरलेले इंधन तप्तच असते. ते काढून कित्येक वर्षे पाण्याखाली थंड करावे लागते. न्यूट्रॉनांच्या सततच्या माऱ्याने भट्टीचे पोलाद आणि तिच्या निकटचे काँक्रीट स्वतःच किरणोत्सर्गी झालेले असते. नळांच्या आतल्या बाजूस किरणोत्सर्गी थर बसलेले असतात. हे सारे कापणे, धुणे, वर्गवारी करणे, बंदिस्त करणे आणि शेवटी जागा निर्धोक ठरवून मोकळी करणे, एवढे सगळे मिळून अणुभट्टी मोडीत काढण्याचे काम पुरे होते.

या कामाच्या दोन रीती जगात रूढ आहेत. पहिली रीत म्हणजे भट्टी थांबताच कामास लागणे. तिच्यात धोका अधिक. पण भट्टी चालविणारी अनुभवी माणसे हाताशी असतात. दुसरी रीत म्हणजे इंधन काढून घेऊन इमारत पन्नासेक वर्षे बंदोबस्तात ठेवणे आणि मग तिला हात घालणे. पोलादातील किरणोत्सर्गाला प्रामुख्याने कारणीभूत असलेल्या कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे आहे. पन्नास वर्षांत त्याचा किरणोत्सर्ग सातशेव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. हा या रीतीचा लाभ. पण पन्नास वर्षांत ती भट्टी जाणणारी पिढी निघून जाते, नकाशे जीर्ण होतात, आणि राखून ठेवलेला पैसा महागाईने झिजतो. भट्टी काँक्रीटमध्ये कायमची गाडून टाकण्याचा तिसरा मार्गही सुचविला जातो. मात्र भीषण अपघातासारखा अपवाद वगळता आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था तो योग्य मानीत नाही.

जगात आजवर दोनशेहून अधिक वीजउत्पादक अणुभट्ट्या कायमच्या बंद झाल्या आहेत; त्यांपैकी पूर्णपणे मोडून जागा मोकळी झालेल्या वीस-पंचवीसच आहेत. भट्ट्या उभारण्याची विद्या जगाने सत्तर वर्षांत पुष्कळ साध्य केली. त्या उतरविण्याच्या विद्येत ते अजून प्राथमिक इयत्तेत आहे. अशा विद्येत एकट्याने धडपडण्यापेक्षा एकमेकांच्या वहीत पाहून शिकणे शहाणपणाचे, यात शंका नाही. भारताला मात्र ही वही कधी उघडी मिळाली आणि कधी मिटलेली.

सायरसची कहाणी

मुंबईजवळ तुर्भे येथे १९५६ च्या ऑगस्टमध्ये कार्यान्वित झालेली अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक. तिची बांधणी भारतीय अभियंत्यांनी केली. इंधन ब्रिटनने दिले. त्याच वर्षी कॅनडाशी करार होऊन कोलंबो योजनेखाली चाळीस मेगावॅटची दुसरी संशोधन-भट्टी उभारण्याचे ठरले. तिच्यासाठी लागणारे सुमारे वीस टन जड पाणी अमेरिकेने दिले. कॅनडा, भारत आणि अमेरिका या तिघांच्या नावांतील अक्षरे गुंफून तिचे नाव सायरस पडले. १९६० च्या जुलैमध्ये ती सुरू झाली. आंतरराष्ट्रीय सहकार्याची याहून स्पष्ट खूण शोधून सापडणार नाही. येथे सहकार्य भट्टीच्या नावातच कोरलेले होते.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम सायरसमधून आले होते. भारताने त्या स्फोटास शांततामय म्हटले; कॅनडा आणि अमेरिका यांना तो कराराचा भंग वाटला. कोणाची बाजू न्याय्य होती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परिणाम एवढाच नोंदवावयाचा, की कॅनडाने अणुसहकार्य थांबविले, अणुसाहित्य पुरविणाऱ्या देशांनी आपला गट बांधला, आणि राजस्थानातील रावतभाटा येथील अर्धीमुर्धी उभारलेली कामे भारतीय अभियंत्यांना आपल्याच बळावर पुरी करावी लागली.

सायरस मात्र चालत राहिली. १९९७ मध्ये ती थांबवून तिचे जीर्ण भाग बदलण्यात आले आणि काही वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली. अखेर अमेरिकेशी झालेल्या अणुकराराच्या अनुषंगाने २००६ मध्ये भारताने नागरी आणि लष्करी अणुसंस्थांच्या विभागणीची जी योजना जाहीर केली, तिच्यात सायरस बंद करण्याचे मान्य केले. ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची थांबली. योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये भारत आणि कॅनडा यांनी अणुसहकार्याच्या नव्या करारावर सह्या केल्या होत्या. जन्माच्या वेळी तीन देशांची नावे लावलेल्या या भट्टीचा भार शेवटी एकट्या भारताच्या पदरी राहिला. तो भारताने तक्रार न करता उचलला, हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांना भूषणावह आहे. त्या आधी झर्लिना ही छोटी संशोधन-भट्टी त्यांनी १९८३ मध्ये बंद करून मोडीत काढली होती. अप्सरेलाही २००९ मध्ये विराम देऊन २०१८ मध्ये तिचा नवा अवतार सुरू करण्यात आला. एकाकीपणात मिळविलेले हे कौशल्य खरे आहे. ते संशोधन-भट्ट्यांपुरते आहे, हेही तितकेच खरे आहे.

तारापूरचे इंधन

वीज निर्माण करणाऱ्या भट्टीची गोष्ट अधिक अवघड असते. १९६३ मध्ये अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला, जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने तारापूरचे पहिले दोन संच उभारले आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये देशातील पहिली अणुवीज तेथून मिळू लागली. या संचांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने द्यावयाचे होते. पोखरणनंतर तो पुरवठा डळमळीत झाला. १९७८ च्या अमेरिकन कायद्याने त्याचा मार्ग जवळजवळ बंदच केला. मग ऐंशीच्या दशकात फ्रान्सने, १९९५ मध्ये चीनने आणि २००१ मध्ये रशियाने इंधन दिले. चार देशांच्या इंधनावर चाललेले असे वीजकेंद्र जगात विरळाच असेल.

नव्या इंधनाची चर्चा वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने झाली. जळालेल्या इंधनाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. अमेरिकेने ते परत नेले नाही. भारताने त्यावर पुनर्प्रक्रिया करून त्यातील प्लुटोनियम वेगळे करण्यासही दीर्घकाळ संमती दिली नाही. परिणामी ते तारापूर येथेच पाण्याच्या तलावांत साठत गेले आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली सांभाळावे लागले. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली. पुनर्प्रक्रियेविषयीची व्यवस्था अमेरिकेशी ठरली ती २०१० मध्ये. इंधनाच्या आगमनाची कलमे करारात बारकाईने लिहिली जातात. त्याच्या अखेरीची कलमे मोघम राहिली, की काय होते, याचा हा धडा आहे.

तारापूरच्या या दोन संचांची भावंडे जगात आणखी होती. इटलीतील गारिल्यानो, जर्मनीतील गुंडरेमिंगेनचा पहिला संच, अमेरिकेतील बिग रॉक पॉइंट या सर्व जनरल इलेक्ट्रिकच्या आरंभीच्या घडणीच्या, उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या. त्या कधीच बंद झाल्या. बिग रॉक पॉइंटची जागा २००६ पर्यंत मोकळी झाली. जर्मन संच तुकड्यातुकड्यांनी कापला गेला. गारिल्यानोचे काम अनेक दशके रेंगाळले. जपानमध्ये याच जातीची एक लहान प्रायोगिक भट्टी तोकाई येथे १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत पूर्णपणे उतरविण्यात आली. पोलादाचे पात्र पाण्याखाली कसे कापावे, नळांतील थर कोणत्या द्रावणाने धुवावा, कामगाराला कोणत्या कोनाड्यात किती वेळ उभे करावे, याची प्रत्यक्ष नोंद या देशांपाशी आहे. तारापूरचे संच मात्र पन्नाशी उलटेपर्यंत चालले. २०२० मध्ये ते थांबविण्यात आले तेही त्यांचे नळजाळ बदलून आयुष्य वाढविण्यासाठी. आयुष्य वाढविणे हा निरवानिरवीला पर्याय नव्हे. ती केवळ पुढे ढकलली जाते. तो दिवस येईल तेव्हा भावंडांच्या या नोंदी भारतीय अभियंत्यांच्या टेबलावर असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शेजाऱ्याचा स्वार्थ

जगात या कामातील सहकार्य कोणत्या रूपाने चालते, हे पाहणे उद्बोधक आहे. आर्थिक विकास व सहकार संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने १९८५ पासून एक कार्यक्रम चालविला असून त्यात सभासद देश आपापल्या कामाचे अनुभव, त्यांतील चुकांसकट, एकमेकांना सांगतात. भारत या संस्थेचा सभासद नाही. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे दार मात्र भारतास तिच्या स्थापनेपासून, म्हणजे १९५७ पासून, उघडे आहे, आणि तिनेही भट्ट्या मोडीत काढणाऱ्या देशांचे जाळे विणले आहे.

पैशाच्या सहकार्याचे मोठे उदाहरण युरोपात आहे. लिथुआनिया, बल्गेरिया आणि स्लोव्हाकिया यांना युरोपीय संघात प्रवेश हवा होता. संघाने अट घातली, की सोव्हिएत बनावटीच्या जुन्या भट्ट्या बंद करा. तिघांनीही त्या बंद केल्या. लिथुआनियाच्या इग्नालिना केंद्राचा शेवटचा संच ३१ डिसेंबर २००९ रोजी थांबला. या देशांना एकट्याने पेलणार नाही असा मोडणीचा खर्च संघाने बहुतांशी आपल्या खजिन्यातून देण्याचे पत्करले. अट आणि मदत यांची येथे एकाच करारात गाठ घालण्यात आली होती.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यावर उत्तर समुद्रकाठी शंभराहून अधिक निवृत्त अणुपाणबुड्या आणि हजारो वापरलेल्या इंधनजुड्या मागे राहिल्या. नॉर्वेच्या सीमेपासून साठेक किलोमीटरवरील आंद्रेयेवा उपसागरातील साठा फुटक्या तलावांतून हलविण्यासाठी नॉर्वेने स्वतःचा पैसा ओतला; ब्रिटनने तंत्रज्ञ दिले; इटलीने त्या इंधनाच्या वाहतुकीसाठी खास जहाज बांधून दिले. शेजाऱ्याच्या घरातील आग विझविण्यासाठी आपल्या विहिरीचे पाणी देण्यात औदार्यापेक्षा शहाणपण अधिक असते. २०१७ मध्ये इंधन हलू लागले. पण २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकले आणि नॉर्वेने हे सहकार्य थांबविले. चेर्नोबिलच्या उद्ध्वस्त भट्टीवर पंचेचाळीसच्या आसपास देशांच्या वर्गणीतून जी पोलादी कमान उभी राहिली आणि २०१६ मध्ये सरकवून जागी बसविण्यात आली, तिलाही फेब्रुवारी २०२५ मध्ये ड्रोनच्या आघाताने भगदाड पडले.

१९७४ चे तुर्भे आणि २०२२ चे आंद्रेयेवा यांतून निघणारा निष्कर्ष एकच. राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य राजकारणाच्या हवेवर फुलते आणि कोमेजते. किरणोत्सर्गाला हवामान ठाऊक नसते. ज्या काळजीची मुदत शंभर वर्षांची, ती चार-पाच वर्षांच्या मैत्रीवर सोपवून चालत नाही. म्हणून सहकार्य अवश्य घ्यावे, मागून घ्यावे, लिहून घ्यावे. पण उद्या ते नाहीसे झाले तरी काम अडणार नाही एवढी शिदोरी घरी बांधलेली असली पाहिजे. ही शिदोरी तीन गोष्टींची असते: पैसा, कायदा आणि जाणती माणसे.

दोन पैशांचा हिशेब

पैशापासून आरंभ करावा. अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे मोडणीच्या निधीसाठी दोन पैसे आकारण्याची व्यवस्था भारतात दीर्घकाळ चालत आली. तारापूरच्या चारही संचांची क्षमता चौदाशे मेगावॅट आहे. वर्षभर ऐंशी टक्के क्षमतेने ते चालले असे धरले, तर सुमारे ९८० कोटी युनिट वीज होते आणि दोन पैशांच्या दराने निधीत वर्षाला सुमारे वीस कोटी रुपये पडतात. त्यांपैकी जुन्या दोन संचांचा वाटा साडेचार कोटींच्या आसपास. पन्नास वर्षे हा ओघ अखंड राहिला, असे मानले तरी मुद्दल सव्वादोनशे कोटींच्या घरात जाते. अमेरिकेतील मेन यँकी हे सुमारे नऊशे मेगावॅटचे एकच केंद्र १९९७ ते २००५ या काळात मोडण्यास पन्नास कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. आजच्या दराने ही रक्कम चार हजार कोटी रुपयांहून अधिक होते. एवढे करूनही त्या केंद्राचे वापरलेले इंधन साठ पिंपांतून त्याच जागी पहाऱ्यात उभे आहे, कारण ते नेण्यासाठी कायमची जागा अमेरिकेला अद्याप सापडलेली नाही.

निधीवर व्याज चढते, भारतात मजुरी स्वस्त आहे, जुने संच लहान आहेत, हे आक्षेप बरोबर आहेत आणि ते हिशेबात धरलेच पाहिजेत. पण व्याज चढते तशी महागाईही चढते. वणीच्या खाणीचा हप्ता दरसाल पाच टक्क्यांनी वाढावा असा नियम आहे. या गतीने पंचवीस वर्षांत रक्कम ३.४ पट होते. युनिटमागचे दोन पैसे मात्र वर्षानुवर्षे दोनच पैसे राहिले. कोळशाच्या खड्ड्यासाठी जे अंकगणित सरकारला सुचले, ते अणुभट्टीसाठी सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

कायद्याची स्थितीही अशीच होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारावर जो अहवाल संसदेपुढे ठेवला, त्यात नमूद केले आहे की मोडणीविषयीची सुरक्षा-पुस्तिका निघून तेरा वर्षे उलटली तरी ना चालू केंद्रांपाशी ना बंद पडलेल्यांपाशी मान्य आराखडा होता. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात असा निधी उभारण्याची तरतूद नव्हती. आणि निधी पुरेसा आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार नियामक मंडळास नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राची दारे उघडली. त्यामुळे प्रश्नाची निकड वाढली आहे. शासकीय महामंडळ आपली जबाबदारी टाळील, तरी सरकार मागे उभे असते. कंपनी दिवाळखोरीत निघाली तर भट्टी कोणाच्या नावावर राहणार? निधी स्वतंत्र हाती असणे, तो दरसाल महागाईनुसार वाढणे आणि त्याचा ताळेबंद जाहीर होणे, या तीन गोष्टी नियमांत स्पष्ट शब्दांत असल्या पाहिजेत.

परदेशी सहकार्याचा खरा उपयोग येथेच करून घेता येईल. जैतापूरसाठी फ्रान्सकडून प्रत्येकी सोळाशे पन्नास मेगावॅटच्या सहा भट्ट्या घेण्याची योजना दीर्घकाळ वाटाघाटीत राहिली आहे. भट्टी विकणारा तिची शक्ती सांगतो, आयुष्य सांगतो, किंमत सांगतो. ती उतरविण्याचे नकाशे, कापणीची रीत, त्यासाठी प्रशिक्षित करावयाची माणसे आणि वापरलेल्या इंधनाची व्यवस्था यांचीही कलमे त्याच करारात घालण्याचा आग्रह भारताने धरला पाहिजे. विकत घेणाऱ्याचा शब्द सही करण्यापूर्वी जितका वजनदार असतो, तितका नंतर कधीच राहात नाही. तारापूरच्या तलावांतील इंधन त्याची साक्ष आहे.

अणुकारभारात गुप्तता अटळ असते, म्हणून परदेशी डोळ्यांना आत घेऊ नये, असाही एक युक्तिवाद केला जातो. लष्करी संस्थांपुरता तो समजण्याजोगा आहे. पण तारापूर हे आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील नागरी केंद्र आहे. तेथील गंजलेल्या नळाच्या मोजमापात कसले राष्ट्रीय गुपित? उलट भारतापाशी देण्यासारखेही पुष्कळ आहे. जड पाण्याच्या भट्ट्यांतील नळ्या किरणोत्सर्गाच्या वातावरणात बदलण्याचे काम भारतीय तंत्रज्ञांनी बहिष्काराच्या वर्षांत स्वतः शिकून घेतले. याच जातीची भट्टी बाळगणाऱ्या देशांना तो अनुभव मोलाचा वाटेल. देणाऱ्याच्या पंक्तीला बसता येत असताना केवळ घेणाऱ्याच्या पंक्तीत उभे राहण्याचे कारण नाही.

जिल्ह्याच्या दारातील प्रश्न

हे सारे दूरचे वाटत असेल, तर २०१० मधील दिल्लीची घटना आठवावी. दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत कॅनडात बनलेले, कोबाल्ट-६० असलेले एक संशोधनयंत्र होते. साठच्या दशकाच्या अखेरीस ते मोठ्या कौतुकाने आणले गेले. १९८५ नंतर ते वापरात राहिले नाही. आणि २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडण्यात आले, कामगारांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू ओढवला. त्या यंत्राला हात लावणाऱ्यांपैकी कोणालाही ते काय आहे हे ठाऊक नव्हते. मायापुरी ही अणुभट्टी नव्हती, महाविद्यालयीन प्रयोगशाळेचे ते अवजार होते. पण चूक तीच होती. आणले कोणी, हे दप्तरात होते. संपल्यावर त्याचे काय करावयाचे, हे कोणाच्याच दप्तरात नव्हते.

किरणोत्सर्गी स्रोत असलेली मापकयंत्रे सिमेंट आणि कोळसा यांसारख्या उद्योगांत वापरली जातात. रुग्णालयांतून आणि प्रयोगशाळांतूनही असे स्रोत असतात. भंगारवाले तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. यंत्रावरील तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह ओळखणारा विद्यार्थी, जुन्या सामानाच्या नोंदवहीत त्या यंत्राचा शेवट कसा करावा हे लिहून ठेवणारा लिपिक आणि अर्धायुष्याचे गणित फळ्यावर सोडवून दाखविताना मायापुरीचे नाव घेणारा शिक्षक, एवढी माणसे मिळाली तरी पुष्कळ अनर्थ टळतील. आंतरराष्ट्रीय सहकार्याचे करार व्हिएन्नात आणि दिल्लीत होतील. ते पाळणारी जाणती माणसे मात्र यवतमाळ, वणी, पुसद येथील शाळांतूनच घडवावी लागतील.

वणीच्या शिवारातील मातीच्या डोंगरांवर आता कोठे कोठे झाडे लावलेली दिसतात. काही ठिकाणी ती जगली, काही ठिकाणी नाही. ज्यांनी कोळशाची वीज वापरली त्यांपैकी फार थोड्यांनी ते डोंगर पाहिले असतील. अणुभट्टीच्या बाबतीत असे विस्मरण परवडणारे नाही, कारण तिचे ओझे ज्या पिढ्यांच्या खांद्यावर जाईल, त्यांनी तिची वीज वापरलेलीही नसेल. उभारणीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना निरवानिरवीच्या दिवसाची तारीखही त्याच पत्रिकेत कळविण्याची प्रथा पडली, तर सायरसच्या नावातील तीन देशांनी जे अर्धवट ठेवले ते पुढच्या करारांतून पुरे होईल.